एकमेकांची वाट पाहा

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर, आमच्या गावाजवळच्या बंधाऱ्यात जेमतेम कमरेइतके पाणी उरले असताना, तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका नव्या ख्रिस्ती मंडळीने तेथे सात जणांना बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) दिला. त्या सातांपैकी दोघे आमच्याच मंडळीत लहानाचे मोठे झालेले होते, म्हणून मीही काठावर जाऊन उभा राहिलो. शेजारी आमचे एक काका होते. या काकांनी उमेदीची तीस वर्षे लोकांच्या वावरात सालदारकी करण्यात घालवली. त्यांना अक्षरओळख नाही, पण भक्तीची कितीतरी गीते पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत मुखोद्गत आहेत. पाण्यात उभ्या असलेल्या उपदेशकांनी त्या दिवशी स्पष्ट शब्दांत सांगितले की, लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा बायबलप्रमाणे बाप्तिस्माच नव्हे आणि जी मंडळी असा बाप्तिस्मा देते तिला खरी मंडळी म्हणता येत नाही. परतताना काका धुऱ्यावर थांबले, डोक्याचा दुपट्टा सोडून त्यांनी तोंड पुसले आणि मला विचारले, “काय बाबू, मंग आपली मंडळी इतके दिवस खोटीच होती काय?”

त्या वेळी मी काहीतरी बोलून विषय टाळला. मात्र काकांचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, आणि त्यानंतरचे कित्येक महिने मी बायबलमधला नवा करार त्या एका प्रश्नासाठी पुन्हा वाचत राहिलो. आमच्या गावात ख्रिस्ती घरे चाळीसही नाहीत, तरी आता उपासनेच्या पाट्या तीन झाल्या आहेत. एका पाटीखाली शनिवार विश्रामवार म्हणून पाळतात, दुसरीखाली अन्य भाषांचे दान (प्रार्थनेत अनोळखी भाषा तोंडून येणे) ही पवित्र आत्म्याची खूण मानतात, आणि तिसरी आमची, जिचे म्हणणे एवढेच की आम्ही सर्वांत जुने आहोत. तिन्ही ठिकाणी बायबल तेच आहे आणि तिन्ही ठिकाणी ‘खरी मंडळी’ हा शब्द सारख्याच खात्रीने उच्चारला जातो.

विदर्भातल्या ख्रिस्ती माणसांनी तर या बाबतीत अधिकच नम्र असायला हवे, कारण आपण कोणत्या पंथाचे हे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात बायबल उघडून ठरलेले नाही. नागपुरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्याबरोबर स्कॉटलंडची फ्री चर्च आली. पुढे अकोला-अमरावतीच्या बाजूला अलायन्स मिशन, यवतमाळच्या बाजूला फ्री मेथडिस्ट आणि बुलढाणा-वाशीमच्या बाजूला नाझरीन मिशन अशी कामाची क्षेत्रे ढोबळमानाने आखली गेली. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला जुनी माणसे संवत १९५६ वरून छप्पनचा दुष्काळ म्हणत, माझे पणजोबा दोन लेकरांना घेऊन ज्या रस्त्याने निघाले त्या रस्त्यावर ज्या मिशनचे अन्न आधी मिळाले, त्या मिशनचे आम्ही झालो. ते दुसऱ्या फाट्याने वळले असते तर आज मी दुसऱ्याच पाटीखाली बसून तीच पाटी कशी बायबलला धरून आहे हे सांगत असतो. देवाने हे घडवले असे मी मनापासून मानतो. परंतु त्यात माझ्या पंथाच्या शुद्धतेचा पुरावा मला दिसत नाही.

मुळात प्रश्न ज्या शब्दाभोवती आहे तो शब्द आपण नीट ऐकला पाहिजे. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे ‘एक्लेसिया’, आणि त्याचा त्या काळातला साधा अर्थ बोलावून जमवलेली सभा असा होता. ग्रीक शहरांत नागरिकांची जी सभा भरत असे तिलाही एक्लेसियाच म्हणत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरातला जो जमाव नाट्यगृहात घोषणा देत गोंधळ घालतो, ज्यातल्या बहुतेकांना आपण कशासाठी जमलो हेही ठाऊक नव्हते असे तेथे लिहिले आहे, त्या जमावालाही त्या पुस्तकाचा लेखक लूक याने हाच शब्द वापरला आहे. म्हणजे नुसते जमणे पुरेसे नाही. कोणी बोलावले आणि कोणाच्या नावाने जमलो, यावर सगळे अवलंबून आहे. चार शुभवर्तमानांपैकी केवळ मत्तयाच्या शुभवर्तमानात हा शब्द येतो, तोही दोनच ठिकाणी: एकदा येशू आपला शिष्य पेत्र याला ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ असे म्हणतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा भावाभावांतला अपराध कसा मिटवावा हे शिकवताना. पहिल्या ठिकाणी ‘आपली’ हा शब्द आहे. रचणारा तो आणि मालकीही त्याची, हे एकदा मनात उतरले की ‘आमची मंडळी’ म्हणताना जीभ थोडी अडखळायला लागते.

मराठी भाषांतरकारांनी त्या शब्दासाठी ‘मंडळी’ हा शब्द निवडला, याबद्दल मला त्यांचे फार कौतुक वाटते. इमारतीला आम्ही चर्च म्हणतो. चर्चला रंग देतात, चर्चचे टिन वादळात उडतात, चर्चची किल्ली कोणाकडे असावी यावरून कमिटीत वाद होतात. मंडळी मात्र माणसांचीच असते. घरची मंडळी, पाहुणे मंडळी, मंडळी जेवायला बसली, मंडळी निघाली. या शब्दाला मराठीत घराचा आणि पंगतीचा वास आहे. आणि नव्या करारातली मंडळी खरोखरच घरांतून जमत होती. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरातली मंडळी, नुंफेच्या घरातली मंडळी, फिलेमोनाच्या घरातली मंडळी, असे उल्लेख पहिल्या शतकातला प्रेषित पौल याच्या पत्रांत येतात. बांधलेल्या उपासनामंदिराचा एकही येत नाही. सिरियात दुरा-युरोपोस या ठिकाणी उत्खननात तिसऱ्या शतकातले एक घर सापडले आहे, ज्यात दोन खोल्यांमधली भिंत पाडून उपासनेसाठी मोठी खोली केलेली होती. मी हे प्रथम वाचले तेव्हा मला आमच्या आजोबांची ओसरी आठवली. आमची मंडळीही त्याच ओसरीवर सुरू झाली होती, आणि माणसे मावेनाशी झाल्यावर आजोबांनी गोठ्याकडची मातीची भिंत पाडून बैल एका मांडवाखाली बांधले होते. ती भिंत पाडताना आजी रडली होती असे घरात सांगतात, कारण तिच्या माहेरच्या माणसांनी येऊन ती लिंपून दिली होती.

खरी मंडळी कशावरून ओळखावी, हा प्रश्न चर्चच्या इतिहासात आधीही तीव्रतेने विचारला गेला आहे आणि त्याची विचारपूर्वक दिलेली उत्तरे उपलब्ध आहेत. इ.स. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषदेशी जोडला गेलेला मतांगीकार, म्हणजे विश्वासाचे जाहीर निवेदन, मंडळीला एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय (येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांच्या शिकवणीवर उभी) म्हणतो. धर्मसुधारणेच्या काळात, १५३० मध्ये, जर्मन धर्मसुधारक लूथरच्या बाजूच्या लोकांनी आउग्सबुर्ग येथे विश्वासाची जी कबुली मांडली तिच्यात म्हटले की, जेथे सुवार्ता शुद्ध स्वरूपात शिकवली जाते आणि बाप्तिस्म्यासारखे पवित्र संस्कार योग्य रीतीने दिले जातात ती पवित्र जनांची सभा म्हणजे मंडळी. पुढे १५६१ च्या बेल्जिक कबुलीने यात तिसरी खूण घातली, ती म्हणजे मंडळीतली शिस्त. या तिन्ही खुणा मला मान्य आहेत. त्या काळी माणसे या प्रश्नासाठी तुरुंगात गेली आणि जिवाला मुकली, तेव्हा त्यांच्या उत्तरांकडे आपण आदरानेच पाहिले पाहिजे. तरीही मला एक गोष्ट खटकत राहिली. या खुणांपैकी बऱ्याचशा व्यासपीठावर काय चालले आहे ते पाहून ठरवता येतात, आणि बायबल मात्र आपली नजर वारंवार व्यासपीठावरून काढून सतरंजीकडे आणि दाराकडे नेते.

यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीचे वर्णन करताना लूक चार गोष्टी सांगतो: ते प्रेषितांच्या शिक्षणात व सहवासात, भाकर मोडण्यात व प्रार्थना करण्यात तत्पर असत. शिक्षण पहिले आहे आणि ते पहिलेच असले पाहिजे. पण त्याच्या लगेच पुढे सहवास आहे, आणि तो सहवास काय होता हे पुढच्या ओळींत येते. ज्याला जशी गरज लागे तसे ते आपली मालमत्ता विकून वाटून देत. सहाव्या अध्यायात त्या मंडळीतला पहिला मोठा तंटा येतो, आणि तो तत्त्वज्ञानाचा नाही, रोजच्या वाटपाचा आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी ही किरकोळ बाब आहे असे म्हटले नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावले आणि त्यासाठी आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असलेली सात माणसे नेमली. भाकर कोणाच्या हातात पडली नाही, हे पाहण्यासाठी आत्म्याने भरलेली माणसे लागतात, हे मला त्या अध्यायाने शिकवले. ते मी वेळेवर शिकलो नव्हतो.

मी बावीस-तेवीस वर्षांचा असताना कमिटीने मला प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीत, तबक फिरवण्याच्या सेवेवर घेतले. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. लादीपावाच्या कडा काढून त्याचे बोराएवढे चौकोनी तुकडे करायचे, ते स्टीलच्या ताटलीत रचून त्यावर भरतकाम केलेला पांढरा रुमाल घालायचा, आणि काचेच्या छोट्या पेल्यांत द्राक्षांचा रस मोजून ओतायचा, हे काम मी शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी मोठ्या मनोभावे करत असे. तो डिसेंबरचा रविवार होता. आभाळ आले होते आणि पाऊस पडला तर फुटलेला कापूस भिजेल म्हणून शेतमालकांनी भल्या पहाटे बाया वेचणीला नेल्या होत्या. त्यांत आमची एक मावशी होती, नात्याने दूरची पण घरातलीच. वेचणी किलोवर असते. जितका कापूस काट्यावर चढेल तितके पैसे. मावशीने अर्ध्यावर ओटी सोडली, तेवढ्या पैशांवर पाणी सोडले आणि तीन किलोमीटर चालत ती चर्चला आली. ती दारात पोचली तेव्हा मी शेवटच्या रांगेपाशी होतो. तिच्या केसांत कापसाचे तंतू आणि वाळलेल्या पातीचा चुरा होता. तिने आत पाऊल ठेवून उजवा हात पुढे केला. बोंडाच्या टोकदार कडांनी तिच्या बोटांच्या पेरांवर बारीक रेघा ओढल्या होत्या आणि त्यांतली एक अजून ओली होती.

ताटलीत चुरा होता. पेले रिकामे होते. आतल्या कपाटात अर्धी लादी पाव आणि बाटलीत रस शिल्लक आहे हे मला ठाऊक होते, कारण तो मीच ठेवला होता. पण आशीर्वादाची प्रार्थना होऊन गेली होती, समोर शेवटचे गीत सुरू झाले होते, आणि मी पुढे बसलेल्या वडील मंडळींकडे पाहिले तेव्हा त्यांच्यापैकी एकाने मान हलवली. मी हळू आवाजात म्हणालो, “मावशी, पुढच्या महिन्यात.” तिने हात मागे घेतला, पदराला पुसला आणि मलाच समजावल्यासारखे म्हणाली, “राहू दे बाबू, मलेच उशीर झाला.”

ज्याचा अपराध होता तो तबक घेऊन उभा होता आणि क्षमा ती मागत होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आली नाही, कारण वेचणी चालूच होती. त्यानंतर उन्हाळ्यात ती आजारी पडली, आणि पावसाळ्याच्या आत आम्ही तिला माती दिली.

प्रभुभोजनाच्या वेळी आमच्याकडे पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय वाचतात. लहानपणापासून ऐकून तो मला पाठ झाला होता. ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली, येथपासून जो कोणी अयोग्य प्रकारे खातो-पितो तो आपल्यावर दंड ओढवून घेतो, येथपर्यंत. वाचन तेविसाव्या वचनाला सुरू होई आणि एकोणतिसाव्याला थांबे. त्या ‘अयोग्य प्रकारे’ या शब्दांनी आम्ही फार घाबरत असू. कोणी मनात राग आहे म्हणून, कोणी घरात भांडण झाले म्हणून ताटली पुढे सरकवत असे. मावशी गेल्यावर एका रात्री मी तो अध्याय सतराव्या वचनापासून शेवटपर्यंत वाचला, आणि इतकी वर्षे आमच्या वाचनाच्या आधी आणि पुढे जी वचने राहून जात होती, ती त्या रात्री मला प्रथम ऐकू आली.

करिंथ हे व्यापारी शहर होते. पौलाने हे पत्र इ.स. ५५ च्या सुमारास लिहिले, आणि त्या मंडळीत घरादाराची माणसे होती तशी दासही होते. जेवायला जमल्यावर ज्यांच्याकडे आहे ते आधीच खाऊन घेत आणि ज्यांच्याकडे नाही ते उपाशी राहत. पौल विचारतो, तुम्हांला खायला-प्यायला घरे नाहीत काय? की देवाच्या मंडळीचा तुम्ही धिक्कार करता आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता? या वाक्यात त्याने दोन गोष्टी एका दमात बोलून टाकल्या आहेत. ज्याच्याजवळ काही नाही त्याला लाज वाटायला लावणे म्हणजेच देवाच्या मंडळीचा धिक्कार. आणि त्याआधी तो म्हणतो की, तुम्ही एकत्र जमून जे खाता ते प्रभुभोजनच नव्हे. भाकर होती, प्याला होता, माणसे जमली होती, आणि तरीही ते प्रभूचे भोजन राहिले नव्हते. अयोग्य प्रकार तो हा. अध्यायाच्या अखेरीस तो उपाय सांगतो, आणि तो किती साधा आहे: भोजनास एकत्र याल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. तेथल्या मूळ ग्रीक क्रियापदाला वाट पाहणे आणि आदराने स्वीकारणे अशा दोन्ही छटा आहेत असे जाणकार सांगतात. ज्याच्या वेळेवर त्याचा स्वतःचा ताबा नसतो, तो उशिराच येतो. दासाच्या वेळेचा मालक दुसरा असतो. वेचणीला गेलेल्या बाईच्या वेळेचाही.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मला याच पत्रात मिळाले. एवढे सगळे असूनही पौल त्या लोकांना पत्राच्या पहिल्याच ओळींत ‘करिंथ येथील देवाची मंडळी’ म्हणतो. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा) असे त्यांच्यात गट पडले होते. ते एकमेकांना न्यायालयात खेचत होते. व्यभिचार खपवून घेतला जात होता. काही जण तर मेलेल्यांचे पुनरुत्थान नाही असे म्हणू लागले होते. आमच्या गावातल्या तिन्ही पाट्यांचे दोष एकत्र केले तरी ते यांच्यापुढे कमीच भरतील. पौल त्यांना रागावतो, रडतो, समजावतो, पण ‘तुम्ही मंडळी नव्हे’ असे म्हणत नाही, कारण त्यांना बोलावणारा ख्रिस्त होता आणि त्याने आपले बोलावणे परत घेतलेले नव्हते.

याचा अर्थ शिक्षण कसेही असले तरी चालते, असा कोणी काढू नये. गलतीकरांना लिहिताना हाच पौल म्हणतो की, स्वर्गातून आलेल्या दूताने जरी निराळी सुवार्ता सांगितली तरी तो शापग्रस्त असो. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सुवार्तेच्या सत्याला धक्का कोठे लागला होता ते पाहा. अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत असे; यरुशलेमेकडची काही माणसे आल्यावर तो भीतीने मागे सरला आणि वेगळा बसू लागला. पेत्राने प्रवचनात एक शब्दही बदलला नव्हता. तो फक्त पंगतीतून उठला होता, आणि पौलाने त्याला सर्वांसमोर सांगितले की, हे सुवार्तेच्या सत्याप्रमाणे सरळ चालणे नव्हे. पंगतीतून उठणे म्हणजे काय, हे आमच्या प्रदेशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्या पणजोबांना लोक वरून धार धरून ओंजळीत पाणी वाढत, त्यांनी मिशनच्या ओट्यावर पहिल्यांदा एकाच प्याल्याला ओठ लावले तेव्हा त्यांना जे कळले, ते मला धर्मशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाने त्यापेक्षा चांगले शिकवलेले नाही. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था निघाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. त्या मधल्या वर्षांत तेथे शिकणारे विद्यार्थी आमच्याकडेही संदेश द्यायला येत, आणि वडील सांगत की त्यांतल्या कोणाचे ग्रीक चांगले होते हे त्यांना कळत नसे, पण कोण कोणाच्या घरी जेवला हे सगळ्या गावाला कळत असे.

शिस्तीविषयीही असेच आहे. ‘जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तेथे त्यांच्यामध्ये मी आहे’ हे वचन बुधवारच्या प्रार्थनेला चारच माणसे आली म्हणजे आम्ही एकमेकांना धीर देण्यासाठी म्हणतो. ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात ज्या जागी आहे तेथे मात्र विषय वेगळा आहे: तुझ्या भावाने अपराध केला तर प्रथम त्याच्याकडे एकांतात जा, त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना घेऊन जा, त्यानंतर मंडळीला सांग. आणि याच्या लगेच पुढे पेत्र विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करावी. काही वर्षांपूर्वी चर्चच्या मागच्या जागेवरून आमच्यात फूट पडली तेव्हा कोणीही कोणाकडे एकांतात गेले नाही. दोन्ही बाजू थेट वकिलाकडे गेल्या. मीही एका बाजूच्या कागदावर सही केली होती, आणि ज्याच्याविरुद्ध ती होती त्याच्या घराची कडी मी एकदाही वाजवली नव्हती, जरी ते घर माझ्या दारातून दिसते. आज जी दुसरी पाटी गावात आहे तिचा पाया त्या कागदात आहे. तेव्हा त्या पाटीखालची माणसे खोट्या मंडळीत गेली असे म्हणताना मला फार जपून बोलावे लागते.

येशूने अखेरच्या रात्री पित्याकडे मागितले की, या सर्वांनी एक व्हावे. याच विदर्भात, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये, २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्यांनी आपापली नावे बाजूला ठेवून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. त्यांत बिशप असणारे होते आणि नसणारेही, लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे होते आणि केवळ प्रौढांना देणारेही. ज्या मुद्द्यावरून बंधाऱ्याच्या काठावर आमच्या काकांची मंडळी खोटी ठरली, त्याच मुद्द्यावर ती माणसे अनेक वर्षे बसून बोलत राहिली होती आणि शेवटी दोन्ही रीती एका घरात ठेवायला तयार झाली होती. आमच्या गावात असे काही झालेले नाही. दफनभूमी मात्र अजून एकच आहे. वैशाखात कोणी गेले तर तिन्ही पाट्यांची पोरे सब्बल आणि फावडी घेऊन येतात, कारण काळी माती उन्हाने दगडासारखी होते आणि ती खोदणे एका मंडळीच्या आवाक्यातले काम नसते.

बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात सात मंडळ्यांना पत्रे आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या पत्राजवळ मी नेहमी थांबतो. इफिसच्या मंडळीने स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांची परीक्षा केली आणि ते खोटे आहेत हे ओळखले. तिचे शिक्षण शुद्ध होते, तिचे श्रम खरे होते, आणि प्रभू तिला हे श्रेय मोकळेपणाने देतो. तरी तो म्हणतो की तू आपली पहिली प्रीती सोडलीस, आणि पश्चात्ताप केला नाहीस तर मी तुझी समई तिच्या ठिकाणाहून काढीन. खोटे ओळखता येणे आणि समई जाण्याच्या बेतात असणे, या दोन्ही गोष्टी एकाच मंडळीविषयी एकाच वेळी खऱ्या होत्या. शेवटच्या पत्रात लावदिकियाच्या मंडळीपुढे तर प्रभू स्वतःच दाराबाहेर उभा आहे आणि ठोकत आहे. कोणी दार उघडले तर मी आत येईन आणि त्याच्याबरोबर जेवीन, असे तो म्हणतो. त्या दारात मला एक हात पुढे केलेला दिसतो.

काकांना मी हे सगळे एका संध्याकाळी त्यांच्या छपरीत बसून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, मग आता पहिल्या रविवारचे काय करायचे. मी तो विषय कमिटीत मांडला. उपासनेची वेळ आजोबांपासून दहाची आहे, ती एका हंगामासाठी कशी बदलायची, असा विरोध झाला, आणि तो विरोध करणारी माणसे वाईट नव्हती. त्यांना ती वेळ प्रिय होती. दोन बैठका झाल्या. अखेरीस असे ठरले की वेचणीचे महिने, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, प्रभुभोजन संध्याकाळी, काटा झाल्यानंतर होईल, आणि अध्याय सतराव्या वचनापासून वाचला जाईल.

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दिवस मावळल्यावर आम्ही जमलो. ताटली रुमालाखाली होती. पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि पुस्तक उघडले, तेव्हा दाराशी बसलेले काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, “थांबा जरा साहेब, वेचणीच्या बाया येऊन रायल्या.” पाळकसाहेबांनी पुस्तक मिटले. बाहेर रस्त्यावर अंधारात बोलण्याचा आवाज होता, मग दारात चपला काढण्याचा, आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे सरकून सतरंजीवर जागा केली.